ताळा

सोहार बंदराच्या मागे, पत्र्याच्या केबिनमध्ये,
महिन्याची पंचवीस तारीख.
बाहेर एसीचं पाणी बादलीत टपटपतंय
आणि आत माझ्यापुढे चौदाशे बारा ओळी:
कोण, कुठल्या पाळीला, किती तास जादा.

आधी नावानं लावून घ्यायच्या.
सारखी नावं सारख्या नावांना येऊन चिकटतात,
मग एका कळीसरशी
प्रत्येक घोळक्याखाली एक जाड ओळ उमटते.
तो त्या माणसाचा महिना.
हातचा विसरलो की गुरुजी कान पिरगाळायचे,
इथे हातचा धरायचा कुणी प्रश्नच नाही.

रफिक आलम: एकोणनव्वद तास.
चव्वेचाळीस रियाल, पाचशे बैसा.
राबतोय गडी, म्हटलं, आणि खाली सरकलो.

गुरुवारी संध्याकाळी दारात दोघं.
एक नोआखालीचा, परांची बांधणारा.
एक पूर्णियाचा, वेल्डरच्या हाताखालचा.
दोघंही रफिक आलम.
पाकीट एकाच्याच हातात.

मी खुर्ची जरा मागे घेतली.
पाकीटवाला म्हणाला, साहेब, पैशाचं झालंय,
बावन्न तास माझे, सदतीस याचे, वाटून घेतले.
फक्त याच्या नावाची पावती द्या.
घरी विचारतात, हा महिना तू होतास कुठे?

पुरावा म्हणून त्यानं वही उघडली,
खोलीच्या खर्चाची: मसूर, कांदे, गॅस, रिचार्ज.
एकाची लिपी दुसऱ्याला वाचता येत नाही
आणि नाव लिहून तरी काय उपयोग?
म्हणून एका रकान्याच्या डोक्यावर मासा काढलेला,
दुसऱ्याच्या डोक्यावर मक्याचं कणीस.
खाली आकडे. कुठे खाडाखोड नाही.

ते गेल्यावर मी एक रकाना वाढवला,
कार्डाच्या नंबराचा. इथे त्याला बताका म्हणतात.
नंबरानं लावलं,
आणि रफिक आलमच्या मधोमध
एक जाड ओळ आली, मग आणखी एक.

तळाची एकूण बेरीज मात्र तीच.
एका बैशानंही हलली नाही.
ताळा जुळला.
तो आधीही जुळतच होता.

चहा गार झाला होता.
नावांवरून लावलेली जुनी शीट
पुन्हा उघडली, अगदी वरपासून:
अब्दुल करीम,
एकशे चार तास.