पाणी मुरतं तिथे

बोट एकोणीसशे शहात्तरची. लुनेनबर्गच्या यार्डात
टेकूंवर उभी. मे उजाडला होता, तरी
शेडच्या सावलीत बर्फाचा एक मळका ढिगारा.
'शिडी निसरडी आहे, जपून,' मर्ल कॉर्कम म्हणाला
आणि स्वतः न बघता चढला,
एक्याऐंशीचा.

किंमत ऐकली तेव्हाच वाटलं होतं,
कुठेतरी पाणी मुरतंय.
मुरतच होतं. कुठे, एवढंच शोधायला
मी इल्सा निकलला आणलं होतं:
गुडघ्यांना रबरी पॅड, खिशात प्लॅस्टिकची हातोडी.

ती बोलत नाही. मडकं वाजवून घ्यावं
तसा अख्खा डेक वाजवत जाते.
नाळेपासून डोलकाठीपर्यंत
टक. टक. टक. टक.
मग उजवीकडे, कठड्याच्या तिसऱ्या खांबापाशी
थप.
शेजारच्या खोलीत कुणी उशी टाकावी तसं.

तिने खडूचा ठिपका दिला. अजून एक. अजून.
ठिपके जोडले तर एक बेट झालं,
माझ्या दोन वाव्यांएवढं लांब.
मीटरचा काटा उजवीकडे आडवा झाला.
'त्याच्यावर जाऊ नकोस,' ती म्हणाली,
'खाली बोल्ट असला तरी तो बोंबलतो,
पहाटेचं दव असलं तरी. कानांवर जा.'

मी पायांकडे बघत होते. मर्लच्या.
मागून पुढे जाताना ते त्या रेघेला वळसा घालत होते,
रेघ आखायच्या आधीपासून.

वर फायबरग्लास, खाली फायबरग्लास,
मध्ये बाल्साचे चौकोनी ठोकळे, पापडासारखे हलके.
पाणी एका स्क्रूच्या वाटेने आत येतं
आणि मग त्याला कसलीच घाई नसते.

'विनिफ्रेडची कंबर गेली,' मर्ल म्हणाला,
'तेव्हापासून ती तोच खांब धरून वर यायची.
अठरा उन्हाळे. हलायचा थोडा.
दर वसंतात मी आवळायचो.'

'आवळून काय होतं?' इल्सा म्हणाली.
'उपसून, नवं सीलंट भरून बसवायचा.'

'माहीत आहे,' तो म्हणाला.
मुरलेला खलाशी. माहीत नसणार कसं?
मग तो बराच वेळ खाडीकडे बघत राहिला,
जिथे त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं.

मी चार हजार डॉलर पाडले.
तेव्हा लाज वाटली नाही. घरी गाडी लावताना वाटली.

जूनमध्ये खडूच्या रेघेवर करवत फिरवली.
वरचं कातडं सुटलं, आणि आत
चहाचा चोथा. काळा, ओला,
तळ्याच्या तळासारखा वास.
हातांनी उपसला. तीन बादल्या.
मग पाच आठवडे पंखा, दिवा, वाट बघणं.
नवा बाल्सा. इपॉक्सी. खांबांची भोकं आधी मोठी केली,
बुजवली, मग त्या बुजवलेल्यातच पुन्हा पाडली,
म्हणजे उद्या पाणी आलं तरी
लाकूड त्याला भेटणार नाही.
नखांतला डिंक सप्टेंबरपर्यंत गेला नाही.

बोट पाण्यात उतरली त्या शनिवारी मर्ल आला.
मी हातोडीच्या दांड्याने वाजवून दाखवलं.
टक.
'ऐकलं,' तो म्हणाला, 'छान झालंय.'
तिसरा खांब धरून हलवून बघितला. हलला नाही.
पुन्हा हलवून बघितला.

मग पुढे गेला, नाळेकडे, दोरी सोडायला,
आणि त्याचे पाय
वळसा घालूनच गेले.