तिसरं नको

सोहारच्या इस्पितळात पहिल्याच दिवशी
ऑड्रीनं विचारलं, "चहा घेणार?"
मी म्हटलं, "नको."
तिनं माझ्या नको-वर विश्वास ठेवला
आणि आपला कप घेऊन खिडकीशी गेली.
महिनाभर मी तहानलेली.

मग रात्रपाळीला ग्रोन्या आली, मेयो परगण्यातली.
"चहा?" "नको."
"अगं, अर्धाच?" "नको गं, खरंच."
"ओतलाय बघ."
चिपळूणच्या मावशीनंतर
पहिल्यांदाच कुणी माझं तिसरं नको
बरोब्बर ओळखलं.

ऑड्री फोन ठेवते तो टक्कन,
नख कापल्यासारखा.
ग्रोन्याचा फोन उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखा:
निघते, निघते हं, बरं, बाय, बाय बाय बाय,
आणि त्यातच कुणाच्या तरी म्हशीची,
छे, मेंढीची चौकशी.

दोघी एकाच उन्हानं लाल होणाऱ्या,
म्हणून बद्रियानं नोंदवहीत दोघींपुढे लिहिलं ब्रिटिश.
ऑड्रीनं सही केली.
ग्रोन्यानं ते खोडलं. शांतपणे. दोनदा. पट्टी घेऊन.
मला हसू आलं, मग नाही आलं.
कँटीनचा पोरगा मला मलबारी समजून
भरभर मल्याळम बोलतो, तेव्हा
मलाही हवी असते अशी एक पट्टी.

ग्रोन्या म्हणाली, तिच्या आजीच्या भाषेत
हो-नाहीला शब्दच नाहीत.
आलीस? आले.
जेवलीस? नाही जेवले.
मी म्हटलं, आमच्याकडे हो आहे,
पण ते बरेचदा कपाटातच असतं.

जूनमध्ये अण्णा गेल्याचा फोन आला.
विमान सकाळचं होतं.
ग्रोन्या खोलीवर आली, न विचारता,
अण्णांचं पूर्ण नाव विचारलं, काय आवडायचं विचारलं,
आणि मध्यरात्री आम्ही दोघी
त्यांच्या सायकलच्या गोष्टीवर इतक्या हसलो
की शेजारची मारिसेल घाबरून डोकावली.
ऑड्रीचं फक्त कार्ड, दाराखालून सरकवलेलं.
तीन ओळी.
मला त्या तीन ओळींचा राग आला.

परतले तेव्हा ड्यूटीचा तक्ता पाहिला.
माझ्या बारा रात्रींवर तिचं नाव,
बारीक, सरळ अक्षरात.
आभार मानायला गेले
तर म्हणाली, "आज जरा गरम आहे, नाही?"
बाहेर सत्तेचाळीस.

मी किटली लावली.
"चहा?"
"नको," ती म्हणाली.
दुसऱ्यांदा विचारायला मी तोंड उघडलं,
मिटलं,
आणि नुसतीच उभी राहिले
तिच्याजवळ, खिडकीशी.