चार बोटांची पट्टी

शुक्रवारपर्यंत चौकशी अहवाल द्यायचाय.
डाइंगमधला बॉयलर फुटला त्याचा.
एकशे बारा पानं, अर्जदाराला पानामागे दोन रुपये.
साहेब म्हणाले, साक्षीदारांची नावं तेवढी झाका, एमूल मॅडम.

तेवढी.

नव्या पोरांना वाटतं, मार्कर मारला की संपलं.
पान खिडकीशी धरून बघा.
सोलापुरातलं एप्रिलचं ऊन शाईला जुमानत नाही,
पट्टीच्या आतून नाव वर येतं.
म्हणून पट्टी, मग झेरॉक्स,
झेरॉक्सवर पुन्हा पट्टी, पुन्हा झेरॉक्स.
मूळ प्रत कपाटात. किल्ली माझ्याकडे.

नाना चादरी विणायचे.
पुढून लाल मोर पांढऱ्यावर,
उलटी केली की पांढरा मोर लालवर.
नेमली एक्कडिकी पोदु, म्हणायचे,
मोर कुठं जात नसतो पोरी, रंग बदलून बसतो.

पट्टीच्या लांबीवरूनही नाव कळतं.
त्या पाळीला बायका पाचच,
बोगा कोण आणि गुंडेटी कोण, कुणीही मोजून सांगेल.
मी सगळ्या पट्ट्या सारख्या मारते, चार बोटं.

पान सदुसष्ट. साक्षीदार क्रमांक नऊ.
नाव झाकलं, वय झाकलं,
विडी घरकुलातला पत्ता झाकला.
खाली तिचं बोलणं:
मी जिन्याखाली कांड्या भरते.
डावी दोन बोटं गेली तेव्हापासून तिथंच बसवलंय.
व्हॉल्व्ह तारेनं बांधला होता.
तार बांधा म्हणून मॅनेजरनी सांगितलं, मी ऐकलं.

मॅनेजरचं नाव पुढे स्पष्ट टाईप केलेलं.

दोन बोटं. अख्ख्या घरकुलाला ठाऊक असतील,
कारखान्याला तर आहेतच.
बोटं झाकली. जिना झाकला. कांड्याही.
आता पानावर एक तार उरली
आणि ती बांधायला लावणारा.

तीनला शिपाई चिठ्ठी घेऊन आला:
मॅनेजरचंही नाव झाकावे. तीही खासगी माहिती.

मार्कर हातातच होता. टोपणही उघडं.
चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं,
कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावे, ही विनंती.
खाली सही, तारीख. आवक-जावकमध्ये नोंद.

सहापर्यंत उत्तर नाही.
उद्या गुरुवार.

कन्ना चौकात दूध घेताना
पैसे देण्यासाठी हात पुढे केला.
दूधवाला म्हणाला, बोटांना काय लागलंय ताई?
नावं, म्हटलं,
आणि सुट्टे मोजून घेतले.