पंचिंगच्या टिकल्या

तीनला लाइट गेली
आणि गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.
सोलापुरात असली शांतता कानाला लागते.
मी प्लायवुडचा तुकडा फरशीवर मांडला
आणि मैद्याची खळ ढवळायला घेतली.
चिमूटभर मोरचूद, झुरळांसाठी.

नान्नांच्या कपाटातला गठ्ठा आज सोडला.
आलेखाचे कागद, कडांना बिस्किटासारखे झालेले,
घराघरात लाल पेन्सिलीच्या फुल्या,
कोपऱ्यात सही: न. व्यं. म्याकल.
चादरीवरचा मोर आधी असा कागदावर भरतात.
जवळून बघा, मोर नाहीच.
चोच म्हणजे तीन पायऱ्या, मान म्हणजे अकरा,
डोळा एक न भरलेलं घर.

मागावर गोल होत नाही, सुगुणा,
गोल दिसतो फक्त, नान्ना सांगायचे.
लांब उभं राहायचं.
म्हणून तर चादर दोरीवर वाळत घालतात!
आणि स्वतःच हसायचे, खोकला येईपर्यंत.

कात्री मोराच्या मानेशी थोडी अडली.
मग चालली.
दोन त्रिकोण, एक पतंगासारखं काहीतरी,
पिसाऱ्याचा लांब सुळका.

आयतासाठी अम्माचा पत्र्याचा फर्मा घेतला,
तेंदूपानं कापायचा, कोपरे झिजलेला.
त्यानं काय काय कापलं:
कुणाची तरी तेलुगू लग्नपत्रिका, हळदीच्या बोटासकट,
सँडपेपर,
विडीबंडलाची गुलाबी लेबलं,
आणि एक पान, खरंच पान,
जे खळ लागताच ओलं होऊन तंबाखूशिवायच वासलं.
वर जकार्डची पुठ्ठ्याची पट्टी आडवी.
तिच्या भोकांतून खालचं गुलाबी डोकावतं,
कुठं डोकावतं, कुठं नाही.

उजवीकडे वर मात्र गोल हवा होता.
का, ते विचारू नका.
बांगडी ठेवून खाकी कागदावर काढला, कापला, ठेवला.
लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखा दिसला.
काळा करून पाहिला. छोटा करून पाहिला.
तिसरा तर चिकटवून उपटला,
त्याच्यासोबत मोराचा पाय गेला.

कपाटाच्या तळाशी एक पत्र्याचा डबा होता.
हलवला तर तांदळासारखा वाजला.
आत पंचिंगच्या टिकल्या,
पुठ्ठ्याला भोक पाडलं की खाली पडतात त्या.
लहानपणी मी त्या शेजारच्या पद्मावतीच्या लग्नात
अक्षता म्हणून उधळल्या होत्या,
त्याचा मार अजून पाठीला आठवतो.
पण साठवल्या कुणी? आणि कशाला?
मूठभर घेतल्या.
प्रत्येक टिकली गोल.
पायऱ्या पायऱ्यांच्या त्या मोरातून
इतके गोल खाली पडत होते,
आणि आम्ही ते रोज संध्याकाळी झाडून काढायचो.

बोट ओलं करून एकेक उचलली,
एकेक लावली,
उजवीकडे वर, दाट, मग विरळ,
मग कुठंही.

अम्मा कारखान्यावरून विड्या देऊन आली.
चपला काढता काढता म्हणाली, आज साठ छाटल्या मेल्यानं.
मग प्लायवुड पाहिलं.
अगं, ती लेबलं मोजून देतात!
मी काही बोलले नाही.
ती वाकली. एका त्रिकोणाचं टोक उचललं होतं,
ते तिनं नखानं आत दाबलं,
विडीचं तोंड मिटतात तसं, न बघता.
इथं पण एक सुटलंय, म्हणाली. तेही दाबलं.

हे काय आहे पण?
काही नाही. आकार.
आकार, ती म्हणाली,
आणि उठून मागं मागं सरकत गेली,
उंबऱ्यापर्यंत, मग उंबऱ्याबाहेर, गटारीच्या फरशीवर,
डोळे बारीक करून.
काय दिसतं, अम्मा?

तेवढ्यात लाइट आली.
सगळे माग एकदम सुरू झाले.
तिचे ओठ हलले, हात हवेत काहीतरी काढून गेला.
मला ऐकू आलं नाही.
फरशी थरथरत होती
आणि न लावलेल्या टिकल्या
हळूहळू भिंतीकडे निघाल्या होत्या.