आव्हेर्नो

‘बिनपाखरांचं’ असं नाव पडलेल्या तळ्यावर
आज सकाळी मी बावीस पाणकोंबड्या मोजल्या.

साबातीनो शिळा पाव कुस्करत म्हणतो,
माझ्या पणज्याच्या वेळीही होत्या.
पण खाली पाताळाचं दार आहे म्हटलं
की पाखरांकडे बघतो कोण?

पर्यटक विचारतात, दार कुठे?
तो द्राक्षमळ्यामागची गुहा दाखवतो,
कंटाळला असेल तर
स्वतःच्या खाणावळीची मोरी.

इथली जमीन श्वास घेते.
बंदराचा धक्का हातभर वर आला,
होड्या चिखलात बसल्या,
आणि इम्माकोलाताच्या थडग्याला
केसाएवढी चीर गेली.
ती त्याने बुजवली नाही.

गोष्टीतला तो, सोन्याची फांदी घेऊन
इथूनच जिवंत उतरला. बाप भेटला.
तीनदा मिठी मारली,
तीनदा हात रिकामे.

मिठी कशाला, साबातीनो म्हणतो.
मी एवढंच विचारलं असतं,
अगं, तळघराची किल्ली कुठे ठेवलीस?

चार वर्षं झाली. आत तिच्या हातची वाइन आहे,
आता शिर्का झाली असेल, किंवा नसेल.
कुलूप एका घावात तुटेल.
हातोडी दाराशीच टेकवलेली,
दांड्याला कोळ्याचं जाळं.