गप्प असलेल्याकडे आधी

नर्स नाबुकेन्या पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही हसलो होतो.
लुकायाचा बोडा-स्टँड, आंब्याखाली अठरा मोटारसायकली,
आणि ही बाई मक्याच्या पिठाचं पोतं घेऊन.
पोत्यावर तिने कोळशाने तोंड काढलं. आम्ही नाव ठेवलं सालोंगो,
जुळ्यांचा बाप. मानाचा माणूस, बेतानं दाबा.
कोपर ताठ. छातीच्या मधोमध. दोन इंच खोल,
आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्या.
"मिनिटाला शंभराच्या वर," ती म्हणाली, "आणि मोठ्यानं मोजा.
मनात मोजणारा दमला की खोटं मोजतो."
दुसऱ्याच दिवशी सालोंगो फुटला.
संध्याकाळभर पांढऱ्या हातांनी आम्ही गिऱ्हाइकं नेली.

तिचं सगळं असंच, हाताशी असेल त्यातलं.
हातमोजे नाहीत? बाजारातली कावेरा चढव, प्लास्टिकची पिशवी,
एकीवर दुसरी.
घुसलेली काच उपसू नकोस, तेच बूच आहे.
मागून हाक मारू नकोस,
मान मोडलेला माणूससुद्धा हाकेला वळतो.
आणि सगळ्यांच्या आधी तू थांब. उतर. रस्ता बघ.
मेलेला मदतनीस म्हणजे उचलायला आणखी एक.
मग ते वाक्य, जे मी वहीत उतरवलं नाही,
वाटलं, एवढं तर लक्षात राहील:
ओरडतो त्याचा श्वास चालू आहे.
गप्प असलेल्याकडे आधी जा.

मासाका रस्ता, रात्री साडेनऊ.
दुधाची गाडी, चौदा सीटांची टॅक्सी.
डांबरावरून दूध वाहत होतं
आणि एका जागेपासून पुढे ते पांढरं नव्हतं.
मी मोटारसायकल आडवी लावली, दिवा येणाऱ्या ट्रकांकडे,
फांद्या मोडून रस्त्यावर टाकल्या,
तोच कुणीतरी माझं नाव घेतलं.

"सेबुफू!"
लुब्वामा. बायकोचा भाऊ.
हात कोपराखाली वळू नये तिथे वळलेला.
"सेबुफू, इकडे! अरे मी आहे, मी!"

ऐकलं मी.
आणि त्याच्या बाजूनं पुढे गेलो.

चाकापाशी एक पोरगा, शाळेचा स्वेटर, झोपल्यासारखा.
मांडीतून रक्त ठेका धरून येत होतं.
दोन्ही तळवे, अंगाचं सगळं वजन. थांबेना.
सामान बांधायची रबरी पट्टी सोडली,
जखमेच्या वर चार बोटं आवळली,
पाना खोचून पीळ दिला, आणखी एक, आणखी एक,
आणि पोरगा किंचाळला.
त्याला दुखलं म्हणून मी देवाचे आभार मानले.
पेन नव्हतं. चेनचं ग्रीस बोटावर घेऊन
त्याच्या कपाळावर वेळ लिहिली: ९:४०.
पट्टी सैल करायची नाही, कितीही रडला तरी.

मागे लुब्वामा माझं नाव घेतच होता,
आणि दर हाकेला मला बरं वाटत होतं.
एकदा हाक आली नाही. तेव्हा मी वळलो.
तो बसला होता, मोडका हात मांडीवर घेऊन,
नुसता बघत.

पोरग्याला एका पिकअपनं मासाकाला नेलं.
पुढचं मला ठाऊक नाही. नाव विचारायचं राहिलं.
लुब्वामाचा हात जुळला, थोडा आखूड.
रविवारी जेवायला येतो, बहिणीच्या हातचे माटोके खातो,
माझ्या पोरांशी बोलतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याशीही बोलतो.
कितीदा ओठांवर आलं माझ्या,
तुझा आवाज येत होता, म्हणूनच तर मी गेलो.
बायको म्हणते, "एक शब्द टाकून जायचास."

हे नाबुकेन्यानं शिकवलं नव्हतं.
आता नवीन पोरांना मी शिकवतो. नवं पोतं, नवा सालोंगो.
मान, श्वास, रक्त, वेळ, सगळं तिच्याच शब्दांत सांगतो,
आणि शेवटी माझं एक:
ओरडणाऱ्याला ओलांडून जाताना
त्याच्याकडे बघून "येतो" म्हणा.
पोरं हसतात.
हसू देत. पोतं अजून फुटायचंय.