वारुळावरची भाजी

मघा सरल्या की शेवराबाई
नान्नजच्या माळावरून एसटीनं येते कुंभारीत,
पळसाच्या पानांत अळंबी गुंडाळून.
"वारुळावरची आहे. बुडाची माती बघ."
ओळखीची नसली तर
ती बोटही लावत नाही.
तिचा दीर
एका पांढऱ्याशुभ्र छत्रीनं गेला.

माझ्या मांडीवर विड्यांचं सूप,
कार्डावर हिमोग्लोबिन आठ.
सिस्टर म्हणाली, खा की कोडमबाई,
अंगाला लागते अळंबी.
पण गोळ्या सोडू नका,
रक्त काही एका भाजीनं भरत नाही.

ठेचलेला लसूण, शेंगदाण्याचं कूट.
मटण समजून धाकटा
रश्शात हाड शोधत राहिला.
मला हसू आलं,
आणि कितीतरी दिवसांनी
मी दुसरी भाकरी मोडली.